कुंडीतला निशिगंध आणि फाटकाजवळची मोरपंखी

फेब्रुवारी संपत आला की जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात दोन झाडांची दोन अगदी वेगळी रूपे शेजारी-शेजारी दिसतात. फाटकाच्या उजव्या हाताला पुरुषभर उंचीची मोरपंखी आहे, बाराही महिने हिरवी. तिच्या पायाशी मातीची एक कुंडी आहे आणि त्या दिवसांत तिच्यात वाळक्या पानांच्या दोन-चार चिंध्यांखेरीज काहीही नसते. यंदा शेजारच्या वहिनी तुळशीचे रोप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही कुंडी रिकामीच पडली आहे, यातच लावून टाकू का?" मी कुंडीतली माती बोटांनी दोन इंच उकरली आणि खालचे तपकिरी, टणक कंद त्यांना दाखवले. पावसाळ्यात ज्या फुलांचा वास त्यांच्या ओसरीपर्यंत जातो, तो निशिगंध तिथेच होता. त्यांनी एक कंद हातात घेऊन पाहिला, परत मातीत दाबला आणि मोरपंखीकडे बघत विचारले, "मग हिला कंद नाही, पाणीही तुम्ही बेतानेच घालता, तरी ही हिरवी कशी?"

या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी वनस्पतींच्या दोन मोठ्या घराण्यांमधला फरक आहे. एक घराणे फुलझाडांचे आणि दुसरे शंकुधारी वृक्षांचे. फुले येतात की येत नाहीत, एवढ्यावरच हा फरक संपतो असे आपण शाळेत शिकतो. परंतु मला तो अन्नसाठ्याच्या अंगाने पाहिला की अधिक स्पष्ट होतो असे वाटते. झाड आपली शिदोरी कुठे ठेवते, कधी बांधते आणि कधी सोडते, हे तीन प्रश्न विचारत गेले की निशिगंध आणि मोरपंखी या दोघांचे सगळे वागणे उलगडत जाते.

आधी ओळख करून घेऊ. निशिगंधालाच आपल्याकडे गुलछडी म्हणतात आणि हिंदीच्या प्रभावाने रजनीगंधाही म्हणतात. तो मूळचा मेक्सिकोचा असून तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ 'हाडाचे फूल' असा होतो. फुलाचा मेणचट पांढरा रंग पाहिला की ते नाव का पडले हे लक्षात येते. आज तो रानात कुठेही आपसूक वाढलेला आढळत नाही, माणसाच्या लागवडीतच टिकून आहे. पॉलिअँथस ट्युबरोसा हे त्याचे शास्त्रीय नाव पुस्तकांत अजून सापडते, पण अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला अगेव्ह या प्रजातीत घातले आहे. अगेव्ह म्हणजे आपली घायपात. शेताच्या बांधावर काटेरी टोकांची जाड पाने पसरून बसणारी घायपात आणि हारात ओवला जाणारा निशिगंध हे जवळचे नातलग आहेत, हे ऐकून आश्चर्य वाटते. या नात्याचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

मोरपंखी आली चीन आणि कोरियाच्या बाजूने. तिचे शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. रोपवाटिकांमध्ये मात्र तिला अजूनही 'थुजा' म्हणतात, कारण पूर्वी ती त्या प्रजातीत गणली जात होती. बीजिंग शहराने जे दोन वृक्ष आपले नगरवृक्ष म्हणून स्वीकारले आहेत, त्यांपैकी एक हाच आहे. आपल्याकडे तिची खरी ओळख मुलांमुळे आहे. तिचे चपटे, जाळीदार डहाळे वहीत ठेवले की विद्या येते असे मानून मुले तिलाच 'विद्या' म्हणतात. माझ्याही चौथीच्या पुस्तकात असे डहाळे होते आणि ते वर्षभराने काढले तरी आकार न बिघडता तसेच्या तसे निघाले होते. याचे कारणही या लेखात येईल.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. कोकणच्या किनाऱ्यावर जे सुरूचे बन असते, ते दिसायला शंकुधारी वृक्षांसारखे असले तरी त्यांच्यात मोडत नाही. सुरूच्या सुयांसारख्या भासणाऱ्या हिरव्या काड्या आणि बोंडासारखी फळे पाहून भलेभले फसतात, पण सुरू हे फुलझाड आहे. उलट मोरपंखीला सुया नाहीत, तरी ती पाइन आणि देवदार यांच्या घराण्यातली आहे. म्हणूनच 'सूचिपर्णी' हा शब्द मला अपुरा वाटतो आणि 'शंकुधारी' अधिक बरोबर वाटतो.

आता हे दोघेही ज्या हवेत वाढतात तिचा विचार करू. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा असतो. उरलेले सात-आठ महिने जवळपास कोरडे जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी प्रत्येक झाडाला वाईट दिवस काढण्याची काहीतरी तजवीज करावीच लागते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येते, म्हणजे तिचा साठा मातीत असतो. निशिगंधाचा साठा त्याच्या स्वतःच्या अंगात, पण जमिनीखाली असतो. मोरपंखीकडे असा डोळ्यांना दिसेल असा साठा नसतो.

कंद म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी सोलापूरकराला दूर जावे लागत नाही. आपल्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात. त्यातलाच एक कांदा घ्यावा आणि तो नेहमीसारखा आडवा न चिरता देठापासून मुळापर्यंत उभा चिरावा. तळाशी पांढरट, चपटी, कडक चकती दिसेल. घरात आपण तिला बूड म्हणतो आणि कापून टाकतो. ती चकती म्हणजे कांद्याचे खोड. खोड असे की ज्याची उंची वाढलीच नाही, सगळी पेरे एकावर एक दाबून बसली. त्या चकतीच्या खालच्या अंगाला मुळांचे केस आहेत आणि वरच्या अंगाला एकात एक बसलेले मांसल पापुद्रे आहेत. प्रत्येक पापुद्रा हा एका पानाचा फुगलेला तळ आहे. बाहेरचे कागदासारखे कोरडे पापुद्रेही पानेच, फक्त आतल्या ओलाव्याचे रक्षण करण्यासाठी वाळलेली. आणि अगदी मध्ये, चकतीच्या माथ्यावर, फिकट हिरवा कोंब दिसेल. तो पुढच्या हंगामाची वाट पाहत आहे. थोडक्यात, कांदा म्हणजे पाने, खोड, मुळे आणि कोंब असे पूर्ण झाड आहे, मुठीत मावेल इतके आवळलेले.

मराठीत आपण जमिनीतून निघणाऱ्या सगळ्याच गाठींना कंद म्हणतो, त्यामुळे हा फरक झाकला जातो. बटाटा हे फुगलेले खोड आहे, म्हणून त्याला डोळे असतात. रताळे हे फुगलेले मूळ आहे. आले आणि हळद ही जमिनीत आडवी सरकणारी खोडे आहेत. कांद्यात मात्र साठा पानांत असतो. निशिगंधाचा कंद या सगळ्यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. त्यालाही पानांच्या तळांचे आवरण असते, परंतु आतले खोड कांद्याच्या चकतीपेक्षा बरेच जाड असते आणि साठ्याचा मोठा भाग त्यातही असतो. त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातील 'ट्युबरोसा' या शब्दाचा अर्थच 'गाठाळ' असा आहे. हातात घेतल्यावर तो कांद्यासारखा गुळगुळीत लागत नाही. बाहेरून तंतुमय, खरखरीत असतो आणि एकाच्या अंगाला चिकटून लहान-मोठे पाच-सात कंद गुच्छाने असतात.

या गुच्छातच निशिगंधाच्या आयुष्याचे रहस्य आहे. एका कंदाला फुलांचा दांडा एकदाच येतो. दांडा खोडाच्या शेंड्यातून निघत असल्यामुळे फुले आली की त्या शेंड्याची वाढ तिथेच संपते आणि तो कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या बगलेत फुटलेले पिल्ले कंद मात्र वाढत राहतात आणि पुढची फुले त्यांना येतात. घायपातही असेच करते. अनेक वर्षे पाने वाढवते, एकदाच उंच दांडा काढते, मरते आणि बुडाशी पोरे सोडून जाते. निशिगंधात हेच सगळे लहान प्रमाणावर आणि लवकर घडते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. शेतकरी लागवडीनंतर साधारण तीन वर्षे खोडवा ठेवतात आणि मग कंद काढून, निवडून नवीन रानात लावतात, त्याचे एक कारण हेच आहे की तोपर्यंत एकेका ठिकाणी कंदांची दाटी होऊन फुलांचे दांडे बारीक पडू लागतात.

फुले संपल्यानंतर घरोघरी एक चूक होते. दांडा वाळला, आता नुसती गवतासारखी पाने राहिली, ती बरी दिसत नाहीत म्हणून लोक ती कापून टाकतात. वास्तविक त्या पानांचा खरा कामाचा काळ तेव्हाच असतो. पुढच्या वर्षीची शिदोरी ती त्या आठवड्यांत बांधत असतात. उन्हात बनवलेली साखर खाली जाते आणि कंद भरतो. पाने आपोआप पिवळी पडली, ओढल्याबरोबर हातात आली, म्हणजे काम पुरे झाले असे समजावे. मग पाणी तोडावे. या विश्रांतीच्या काळात कुंडीत ओल राहिली तर कंद कुजतो, कारण पाणी खेचून घ्यायला वर पाने नसतात आणि हवा न मिळालेल्या मातीत बुरशी वाढते. कोरड्या मातीत मात्र तो निवांत पडून राहतो. सोलापूरचा उन्हाळा त्याला त्रास देत नाही, कारण त्या उन्हाळ्यात उन्हासमोर उभे राहायला त्याचा कोणताही भाग वर नसतो.

आपल्या माळरानांवरचा रानकांदाही हीच रीत पाळतो. तो तर भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, तडकलेल्या जमिनीतून नुसता फुलांचा दांडा वर काढतो आणि पाने पावसाळ्यात येतात. मागच्या पावसाळ्यात साठवलेल्या अन्नाखेरीज त्या फुलांना दुसरा आधार नसतो.

मोरपंखीचे गणित वेगळे आहे. तिचे एक डहाळे तोडून भिंगाखाली पाहावे. ज्याला आपण पान म्हणतो ते पान नव्हेच, ती बारीक फांद्यांची जाळी आहे आणि खरी पाने त्या फांद्यांना मिठी मारून बसलेली आहेत, माशाच्या खवल्यांसारखी, जोडीजोडीने, एकेक खवला दोन-तीन मिलिमीटरचा. समोरच्या खवल्याच्या पाठीवर एक लांबट खाच दिसते, ती राळेची ग्रंथी आहे. डहाळे चुरगळले की जो वास येतो तो तिथून येतो. खवले एकमेकांवर इतके दाबून बसलेले आणि मेणाच्या थराने इतके झाकलेले असतात की उन्हाला आणि वाऱ्याला उघडा सापडणारा पृष्ठभाग फारच थोडा उरतो. पाणी उडून जाण्याची वाटच अरुंद केलेली असते. चौथीच्या पुस्तकातले माझे डहाळे वर्षभर आकार टिकवून राहिले, कारण त्यात पाणी मुळातच कमी आणि कणखर भाग जास्त होता. निशिगंधाचे पान त्याच पुस्तकात ठेवले असते तर चार दिवसांत काळे पडून चिकटले असते.

अशी पाने बनवायला महाग पडतात, म्हणून ती झाडावर काही वर्षे टिकवली जातात. अन्न तयार करण्याचा त्यांचा वेग मंद असतो, पण ते काम फारसे थांबत नाही. थोडी मिळकत, थोडा खर्च आणि बाराही महिने चालू दुकान, असा हा संसार आहे. अन्न तिच्याकडे साठतच नाही असे नाही. लाकडात आणि पानांत ते विखुरलेले असते, पण एका जागी गोळा करून झाकून ठेवलेले नसते.

तिच्या लाकडातली पाणी वाहून नेण्याची व्यवस्थाही याला साजेशी आहे. कडुनिंब, वड, आंबा अशा आपल्या ओळखीच्या फुलझाडांच्या लाकडात रुंद नळ्या एकाला एक जोडून लांब वाहिन्या झालेल्या असतात, त्यामुळे पाणी झपाट्याने वर चढते. मोरपंखीत आणि तिच्या सगळ्या घराण्यात अशा वाहिन्या नाहीत. तिथे काही मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद असलेल्या अरुंद पेशी आहेत आणि त्यांच्या भिंतींतल्या बारीक खिडक्यांमधून पाणी एकीतून दुसरीत झिरपत वर जाते. यात वेग कमी मिळतो, पण एक मोठा लाभ होतो. कडक उन्हाळ्यात वर पानांची ओढ वाढते आणि खाली मातीत ओल नसते, तेव्हा पाण्याचा धागा तुटून नळीत हवा शिरते. बरेच दिवसांनी पाणी सुटले की नळ आधी हवा फुसफुसतो हे आपल्याला ठाऊक आहेच. झाडाच्या नळीत हवा अडकली की ती नळी निकामी होते. मोरपंखीच्या पेशींमधल्या प्रत्येक खिडकीत मध्यभागी एक जाडसर चकती लवचिक धाग्यांवर टांगलेली असते. एका पेशीत हवा शिरली की दाबातला फरक त्या चकतीला एका बाजूला ढकलतो, ती खिडकीच्या तोंडावर झाकणासारखी बसते आणि बिघाड शेजारच्या पेशीत जात नाही. इतकी साधी आणि इतकी अचूक झडप मला वनस्पतींच्या शरीरात दुसरी आठवत नाही.

निशिगंधाला लाकूड नसतेच. तो एकदल वनस्पती आहे आणि दरवर्षी खोडाच्या घेरात नवे लाकूड घालणारा जिवंत पेशींचा थर त्याच्याकडे नाही. मोरपंखीचे खोड याच थरामुळे वर्षानुवर्षे जाड होत जाते.

आता फुलांकडे वळू. निशिगंधाची फुले दांड्याच्या खालून वर उमलत जातात, प्रत्येक फूल लांब नळीचे, टोकाला ६ पाकळ्यांसारखे भाग, आत ६ पुंकेसर. पांढरा रंग, रात्री वाढणारा वास आणि लांब नळीच्या तळाशी मध, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते फूल लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी आहे हे ओळखता येते. हा वास फूल तोडल्यावरही तयार होत राहतो. त्यामुळेच फ्रान्समधील ग्रास या अत्तरांच्या गावी पूर्वी निशिगंधाची तोडलेली फुले चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि त्यांचा सुगंध त्या चरबीत हळूहळू उतरवून घेत. सिद्धेश्वराच्या दर्शनाहून आणलेला निशिगंधाचा हार रात्री देवघरात सकाळपेक्षा जास्त दरवळतो, त्यामागेही हेच आहे.

मोरपंखीला पतंग, मध, वास यांपैकी कशाचीच गरज नाही, तिचे पराग वारा नेतो. थंडी सरता सरता तिच्या डहाळ्यांच्या टोकांवर मोहरीएवढे पिवळसर नर शंकू येतात आणि त्याच झाडावर, वेगळ्या टोकांवर, निळसर हिरवे मादी शंकू येतात. ते इतके लहान असतात की शोधावे लागतात. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, भिंग घेऊन मादी शंकूकडे पाहिले तर त्याच्या खवल्यांच्या बुडाशी सुरईच्या आकाराची काही बीजांडे उघड्यावर उभी दिसतात आणि नशीब असेल तर एकेकीच्या तोंडावर दवासारखा एक गोल थेंब दिसतो. तो दवाचा नसतो. बीजांडाने स्वतःच तो बाहेर काढलेला असतो. वाऱ्यावर आलेला परागकण त्या थेंबाला चिकटतो, थेंब आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर परागकण बीजांडात पोहोचतो.

या थेंबावरून दोन्ही घराण्यांतला मूळ फरक हाताला लागतो. निशिगंधात परागकण कधीही बीजांडाला थेट भेटत नाही. तो कुक्षीवर पडतो, तिथून त्याची नलिका खाली वाढत जाते आणि अंडाशयाच्या बंद खोलीत असलेल्या बीजांडापर्यंत पोहोचते. मोरपंखीला अशी खोलीच नाही, बीजांड उघडे आहे. म्हणून निशिगंध आवृतबीजी आणि मोरपंखी अनावृतबीजी. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हा उघडेपणा पहिल्यांदा स्पष्टपणे ओळखला. सुक्या मेव्याच्या दुकानात मिळणारे चिलगोजे हे हिमालयातल्या एका पाइनचे असेच उघडे बी आहे. त्याच्याभोवती फळ असे कधीच नव्हते, ते शंकूच्या खवल्यावर बसलेले होते.

याच्या पुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बीजात बाळरोपासाठी शिदोरी असते, हे आपण जाणतो. पण ती केव्हा बांधायला घेतात? १८९८ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी लिली आणि फ्रिटिलरी या दोन फुलझाडांच्या बीजांडांत, जी दोन्ही कंदवर्गीयच आहेत, असे पाहिले की परागनलिकेतून दोन नरपेशी येतात आणि दोन्ही कामी लागतात. एक अंडपेशीशी मीलन पावते आणि तिच्यापासून गर्भ होतो. दुसरी मध्यभागी असलेल्या पेशीशी मीलन पावते आणि तिच्यापासून गर्भाला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो. यालाच द्विफलन म्हणतात. गहू-ज्वारीचे पीठ म्हणजे बहुतांश हाच भ्रूणपोष. याचा अर्थ असा की फुलझाड बीजातल्या शिदोरीची सुरुवातच मीलन झाल्यावर करते. गर्भ धरला नाही, तर पुढचा खर्चही होत नाही. मोरपंखीत क्रम उलटा आहे. तिथे गर्भाला पोसणारी ऊती गर्भधारणेच्या आधीच मादीच्या पेशींपासून उभी राहिलेली असते, तिच्यात नराचा वाटा नसतो. परागकण आल्यानंतर प्रत्यक्ष गर्भधारणा व्हायलाही आठवडे जातात, फुलझाडांत बहुधा काही तास किंवा एक-दोन दिवस पुरतात.

म्हणजे शरीराच्या पातळीवर निशिगंध आधी साठवतो आणि मग खर्चतो, तर मोरपंखी मिळेल तसे वापरत जाते. बीजाच्या पातळीवर मात्र मोरपंखी आगाऊ तयारी करून ठेवते आणि फुलझाड खात्री पटेपर्यंत हात राखून असते. अंगणातल्या दोन झाडांकडे पाहून कंजूष कोण आणि उदार कोण हे ठरवता येत नाही, याचा मला दरवेळी नव्याने विस्मय वाटतो.

आयुष्याच्या मोजमापातही अशीच गंमत आहे. मोरपंखीचे एकच शरीर हजार वर्षांहूनही अधिक टिकू शकते, चीनमधल्या जुन्या मंदिरांच्या आवारात इतक्या वयाचे वृक्ष उभे आहेत. निशिगंधाचा एक कंद थोड्याच काळात फुलून संपतो, परंतु त्याच्या पिल्लाचे पिल्लू, त्याचेही पिल्लू असे करत तेच झाड माणसाच्या हातून मेक्सिकोपासून सोलापूरपर्यंत येऊन पोहोचले आहे. विशेषतः दुहेरी पाकळ्यांच्या निशिगंधाला सहसा बी धरत नाही. आपल्या बाजारात तो दिसतो तो केवळ कंदांच्या जोरावर. अशा झाडाचे वय कुठून मोजायचे, हे सांगणे कठीण आहे.

घराण्यांची वये मात्र मोजता येतात. शंकुधारी वृक्षांचे जीवाश्म सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात, फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट, ज्याची झीज होऊन सोलापूरची काळी माती बनली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हा खडक लाव्हाच्या रूपात ओतला जात असताना दोन्ही घराणी पृथ्वीवर होती. आज शंकुधारींच्या जाती सहाशेच्या थोड्या पुढे आहेत आणि फुलझाडांच्या जवळपास ३ लाख. दख्खनच्या पठारावर तर शंकुधारी नैसर्गिकपणे नाहीतच. दक्षिण भारतात पश्चिम घाटाच्या जंगलांत त्यांची एकच मूळ जात आढळते. देवदार आणि चीड आपल्याला भेटतात ते हिमालयात, किंवा फळांच्या खोक्यांच्या फळ्यांत.

या दोघांत एक साम्य मात्र अनपेक्षित आहे. कंदवर्गीय वनस्पती आणि शंकुधारी या दोन्हींत पेशीतला आनुवंशिक मजकूर प्रचंड मोठा असण्याकडे कल दिसतो. माणसाचा हा मजकूर सुमारे ३ अब्ज अक्षरांचा आहे, कांद्याचा सुमारे १६ अब्जांचा, आणि २०१३ साली वाचल्या गेलेल्या नॉर्वे स्प्रूस या शंकुधारी वृक्षाचा सुमारे २० अब्जांचा. यात कामाची जनुके फार जास्त नसतात. स्वतःच्या नकला काढत पसरणारे तुकडे युगानुयुगे साचलेले असतात. साठवण्याची खोड इथेही आहे म्हणायची.

वहिनींना हे सगळे मी एका दिवशी सांगितले नाही. त्यांना आधी हवे होते ते एवढेच, की कुंडीचे काय करायचे आणि त्यांच्या दारातल्या मोरपंखीचे काय करायचे, जिचा आतला भाग तपकिरी पडला होता. आतला तपकिरीपणा हा बहुतेक वेळा रोग नसतो. सावलीत गेलेले जुने खवले झाड टाकून देते, ते हाताने झटकून काढावेत म्हणजे हवा खेळती राहते. बाहेरचे ताजे टोक पिवळट, धुरकट दिसू लागले तर मात्र उन्हाळ्यातले कोळी, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक कीड, असण्याचा संभव असतो. पांढऱ्या कागदावर डहाळे आपटावे, बारीक ठिपके चालताना दिसले की खात्री होते, आणि सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आतपर्यंत मारल्याने ते बरेच कमी होतात. छाटणी करताना हिरव्या भागातच कात्री चालवावी. हिरवळ संपून उघडी फांदी लागली तिथे कापले, तर त्या जुन्या लाकडावर नवे फुटवे सहसा येत नाहीत आणि झाडाला पडलेले भगदाड तसेच राहते. निशिगंधाचे याच्या नेमके उलट आहे. जमिनीवरचे सगळे गेले तरी तो परततो, कारण त्याचा डोळा कंदात सुरक्षित असतो.

कुंडी आम्ही तशीच ठेवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे कंद काढले, एकमेकांपासून सोडवले, बोटभर जाडीचे वेगळे केले आणि शेणखत मिसळलेल्या मातीत कोंबाकडचे टोक वर ठेवून दोन इंच खोल लावले. बारीक पिल्ले वहिनींनी नेली. त्यांना या वर्षी फुले येणार नाहीत, नुसती पाने येतील, हे त्यांना सांगितले आहे. जाताना त्यांनी मोरपंखीवरून मागच्या हंगामाचा एक वाळलेला, तडकलेला शंकू तोडला आणि तळहातावर झटकला. गव्हापेक्षा जरा जाड, बिनपंखांच्या चार तपकिरी बिया पडल्या. त्या त्यांनी तुळशीच्या शेजारी, वेगळ्या डब्यात लावल्या आहेत.